ढवळीच्या शेपटीवरची नावं

ओवी तायडे विमानातून उतरली ती उजवा हात खिशात घालूनच. हँगरच्या दारात स्टुलावर बसून एका बिजागरीला ग्रीस लावणाऱ्या ज्योत्स्नाबाई खंडाऱ्यांनी ते पाहिलं. एरवी ही एकवीस वर्षांची पोर उतरली की दोन्ही हात पसरून, आपणच विमान असल्यागत चालायची. आज ती जमिनीकडं बघत येत होती. चाळीस वर्षं विमानं दुरुस्त केलेल्या बाईला माणसाचं बिनसलेलंही लांबून कळतं.

"हात दाखव," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

ओवीनं हात बाहेर काढला. बोटं थरथरत होती.

"मॅडम, स्टिक हलली. म्हंजे, हलली नाई, फडफडली. माह्या मुठीत कोणी जितं पाखरू कोंबलं असं वाटलं."

"शामक चालू होता का?"

"बंद होता. परीक्षेसाठी बंद ठेवून पाय, असं नीलेश सरच म्हणले. उतरताना नाक खाली केलं, वेग एकशेपंच्याऐंशीवर गेला अन् सुरू झालं. मी शामकाचं बटण दाबलं, तं एका झटक्यात सारं शांत."

"मोटर कमी केली का? नाक वर घेतलं का?"

"बटण दाबल्यावर. आधी सुचलंच नाई."

"शामक एक सेकंद उशिरा लागला असता, तं पुढं कधी काही सुचलंच नसतं तुले," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या आणि ग्रीसचा डबा त्यांनी बाजूला ठेवला.

सांगवी मेळच्या या फ्लाइंग क्लबाकडं विमान एकच. दोन माणसांचं, डोक्यावर पंख असलेलं, जुन्या बांध्याचं. रंग पांढरा म्हणून नाव ढवळी. पांढऱ्या गाईला जे नाव देतात ते विमानाला द्यायला वऱ्हाडी माणसाला फार विचार करावा लागत नाही. तिचं पेट्रोलचं इंजिन कधीच गेलं आणि विजेची मोटर आली, काट्यांच्या तबकड्या गेल्या आणि पडदा आला, पण सांगाडा तोच होता. वरून बिनपायलटच्या टॅक्स्या अमरावती-नागपूर करू लागल्या, तरी काही कामांना कायद्यानं अजून माणूसच लागे. मेळघाटातल्या दवाखान्याचं विमान हे त्यातलं एक. डोंगरातल्या वाऱ्यापुढं यंत्रं अजून बिचकत होती.

ओवीला तेच विमान उडवायचं होतं. तिची आई धारणीला नर्स होती. पूल वाहून गेल्यामुळं वाटेतच गेलेल्या दोन बाळंतिणी तिच्या आईनं पाहिल्या होत्या, आणि आईनं सांगितलेलं ओवीच्या डोक्यातून जात नव्हतं. परीक्षा पुढच्या सोमवारी होती, आणि गेल्या वर्षीच्या नव्या नियमानुसार ती शामक बंद ठेवूनच द्यायची होती. उघड्या हाताची परीक्षा, असं सगळे तिला म्हणत. या क्लबातून त्या परीक्षेला बसणारी ओवी पहिलीच.

नीलेश बोंडे, क्लबाचा मुख्य प्रशिक्षक, लगेच ढवळी घेऊन स्वतः वर गेला आणि वीस मिनिटांत परत आला.

"शामक बंद करून एकशेसाठपर्यंत नेली, काकू," तो म्हणाला. "लोण्यावानी चालते. पोरीचा हात कच्चा हाये. घट्ट धरते, घाबरते, अन् स्टिकले दोष देते. खंडारे सर असते तं दोन दिवसांत हात सुधरवला असता."

ज्योत्स्नाबाईंनाही मनातून तसंच असावं असं वाटत होतं.

हा शामक म्हणजे काय, ते सांगायला हवं. काही चिनीमातीसारखे पदार्थ असे असतात की ते वाकवले तर वीज देतात आणि वीज दिली तर वाकतात. त्यांच्या पातळ पट्ट्या विमानाच्या पंखांना आणि शेपटीला चिकटवल्या, की त्या विमानाची बारीकसारीक थरथर ऐकतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात तिच्या उलट वाकून ती मारून टाकतात. सोबत स्टिकच्या दांड्याला एक लहानशी मोटर. ती पायलटच्या हातात हात घातल्यासारखी दांडा धरून असते. मात्र दांडा किती घट्ट धरायचा आणि किती सैल, हे यंत्राला उपजत ठाऊक नसतं. ते एखाद्या जाणत्या पायलटकडून शिकवावं लागतं. कंपनीच्या पुस्तकात त्याला शब्दच होता: गुरूचा हात.

ढवळीतल्या शामकाचा गुरू होता गजानन खंडारे. ज्योत्स्नाबाईंचा नवरा.

खंडारे सरांनी या धावपट्टीवर पावणेदोनशे पोरं उडवली. तूर विकून आलेली, हॉटेलात भांडी घासून आलेली, एक तर चक्क नवरदेवाच्या पोशाखात आलेलं, कारण त्याच दिवशी त्याची एकट्यानं उडायची पाळी होती आणि मुहूर्त संध्याकाळचा होता. सरांना सगळी पोरं सारखीच, ते मुलांनाही 'माय' म्हणत. पोरगं चुकलं तर ते ओरडत नसत. स्टिकला नुसता हात लावून विमान सावरत आणि खाली उतरल्यावर चहा पाजत. चूक पोटात घालावी तर खंडाऱ्यांनी, असं लोक म्हणत. ज्योत्स्नाबाई म्हणत, घालतात ते पोटात आणि निस्तरते मी, चाकं कोण बदलतं?

त्यांनी एक रीतही पाडली होती. ज्या दिवशी पोरगं पहिल्यांदा एकट्यानं उडून सुखरूप उतरेल, त्या दिवशी त्यानं ढवळीच्या शेपटीवर ब्रशनं आपलं नाव लिहायचं. शेपटीच्या आडव्या फळीला मागं बिजागरीवर हलणारा भाग असतो, एलिव्हेटर. नाव लिफ्टचं असलं तरी काम विमानाचं नाक वर-खाली करण्याचं. त्याचा डावा भाग बरोबर कमरेएवढ्या उंचीवर येई, स्टुलावर बसून लिहायला सोयीचा. फळी भरली की सर दिवाळीच्या सुट्टीत तिला पांढऱ्या रंगाचा एक हात देत आणि म्हणत, वही भरली, आता नवं पान. रंग ज्योत्स्नाबाईच कालवून देत. दोघं बसून चिवडा खात, रंग वाळेपर्यंत.

शामक बसल्यावर तीन वर्षं त्या यंत्रानं सरांचा हात ऐकला. मग एका दुपारी जेवून सर खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. नावांची रीत मात्र थांबली नाही, फळी भरली की रंगाचा हात आता नीलेश देई. त्यानंतरही ढवळीत बसणारं प्रत्येक पोरगं सांगे की स्टिक धरली की सर धरून आहेत असं वाटतं. ज्योत्स्नाबाई ते ऐकत आणि कामाला लागत. त्या स्वतः कधी स्टिक धरत नसत. पन्नास फुटांची उंचीही त्यांना सोसत नाही, असं क्लबात सगळ्यांना माहीत होतं.

मंगळवारी त्या कामाला लागल्या. थरथरीचं मूळ शोधायचं तर सोप्यापासून अवघडाकडं जायचं, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं. आधी पंखा. त्याची पाती समतोल नसतील तर सगळं विमान गुरगुरतं. यंत्र लावून पाहिलं, पाती ठीक होती. शिवाय पंख्याची थरथर मोटरीच्या वेगाबरोबर बदलते आणि ओवीची फडफड विमानाच्या वेगाबरोबर आली होती. मग एलिव्हेटरच्या तारा. ढिल्या असतील तर फडफड होते. ताण मोजला, बरोबर भरला. मग बिजागऱ्या. एलिव्हेटर दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला, कुठं खटखट नाही. नाक समतोल ठेवणारी ट्रिमची छोटी पट्टीही घट्ट होती. पाणी साचू नये म्हणून खाली भोकं असतात, ती मोकळी होती.

ओवी दिवसभर शेजारी उभी राहून टॉर्च धरत होती.

"सगळं बराबर हाये, म्हंजे माहाच हात कच्चा," ती शेवटी म्हणाली.

खरं सांगायचं तर ज्योत्स्नाबाईंना हो म्हणायचं होतं. पोरीचा हात कच्चा निघाला तर ती सहा महिने आणखी शिकेल, एवढंच. पण विमान आजारी निघालं, तर बारा वर्षं 'उडण्यास योग्य' असं लिहून खाली केलेली सही त्यांची होती. आणि त्या आजारी विमानाला इतकी वर्षं धरून ठेवणारा हात सरांचा होता. त्यांना हो म्हणता आलं नाही, कारण त्यांनी त्या पोरीची बोटं पाहिली होती.

"हा तुया शामक नोंद ठेवते का कशाची?" त्यांनी विचारलं.

"ठेवते न. किती वेळा सावरलं, किती जोरानं, सारं असते. पण हिरवा दिवा असला तं कोण पाह्यते?"

हिरव्या दिव्यामागं काय आहे ते कोणीच तपासत नव्हतं, हे खरं होतं. ओवीनं बारा वर्षांची नोंद पडद्यावर आणली. ज्योत्स्नाबाईंनी चष्मा लावला.

दर उड्डाणात शामकाला डाव्या एलिव्हेटरवर किती जोर लावावा लागला, त्याची ती रेघ होती. ती सपाट असायला हवी होती. ती चढत गेलेली होती, आणि तीही उतारासारखी नाही, जिन्यासारखी. महिनोन् महिने सपाट, मग एक बारीक पायरी. पुन्हा सपाट, पुन्हा पायरी. दर तीन-चार वर्षांनी एक मोठी, बोटाच्या पेराएवढी. गेली दोन वर्षं तर यंत्र जवळजवळ आपल्या सगळ्या ताकदीनिशी दांडा धरून होतं.

"ही तारीख सांग," ज्योत्स्नाबाईंनी एका बारीक पायरीवर बोट ठेवलं.

"तेवीस जानेवारी."

त्यांनी दुरुस्तीची वही काढली. तेवीस जानेवारीला काहीच दुरुस्ती नव्हती. दुसरी तारीख, तिसरी तारीख, काहीच नाही. मोठी पायरी कुठल्या दिवसाची ते पाहिलं, तर दिवाळीनंतरचं पहिलं उड्डाण.

"तेवीस जानेवारीले माह्यासंगचा प्रणव उडला होता एकटा," ओवी हळूच म्हणाली. "माह्यासमोर. त्याचा वाढदिवस होता, म्हणून ध्यानात हाये."

ज्योत्स्नाबाईंनी वही मिटली. मग पुन्हा उघडली. दर वर्षीच्या तपासणीत एक रकाना असे: रंगकाम. तिथं त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात तीस वर्षं एकच शब्द लिहिलेला होता. नाही. नाही. नाही.

विमानाचा कुठलाही हलता भाग रंगवला तर तो उतरवून तोलून बघायचा, हा नियम त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. नव्या पोरांना तो त्यांनीच शिकवला होता. पण हे रंगकाम होतं असं त्यांच्या मनात कधी आलंच नाही. रंगकाम म्हणजे स्प्रे गन, मास्क, मोठा डबा. आणि हे? हे तर नाव लिहिणं होतं. वहीचं पान बदलणं होतं. दिवाळीचा चिवडा होता. ज्या हातांनी रंग कालवला त्याच हातांनी त्यांनी 'नाही' लिहिलं, आणि दोन्ही वेळा त्या खोटं बोलत नव्हत्या.

"असं कसं झालं माह्याच्यानं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

बुधवारी नीलेशच्या देखत त्यांनी डावा एलिव्हेटर उतरवला आणि बिजागऱ्यांसकट दोन उभ्या धारदार पात्यांवर टेकवला. नीलेशला ठाऊक होतं, तरी ओवीसाठी त्यांनी सांगितलं.

"हे पाय. बिजागरी मधात, माग फळी, अन् पुढं हे शिशाचं वजन. तागडीवानी. दोन्हीकडं सारखं असलं तं शेपटी वर-खाली झाली तरी फळी तिच्यासंगं जाते. मागचं जड झालं तं फळी माग राह्यते. शेपटी वर गेली तं फळी खाली लोंबते, अन् नेमकं त्याच वेळी वारा तिले आणखी ढकलते. झोक्यावर बसलेल्या पोराले दरवेळी मागून एक धक्का देला तं काय होते? तसं. कमी वेगात वाराच ते थांबवते. एका वेगाच्या वर गेलं का तोच वारा धक्का द्याले लागते. मग दोन-तीन सेकंदांत शेपटी तुटून जाते."

"म्हणून नीलेश सरले एकशेसाठला काहीच वाटलं नाई," ओवी म्हणाली.

ज्योत्स्नाबाईंनी हात सोडले. फळी आडवी राहायला हवी होती. तिची मागची कड धप्पकन खाली बसली.

पुढच्या बाजूला त्या एकेक नट ठेवत गेल्या. चारशे तीस ग्रॅम झाले तेव्हा कुठं फळी आडवी आली. निर्मात्याच्या पुस्तकात सूट होती साठ ग्रॅमची. नीलेश पात्यांकडं बघत राहिला. त्याचा आवाज उतरला होता.

"ओवी, तुया हाताले मी उगाच दोष देला," तो म्हणाला. मग ज्योत्स्नाबाईंकडं वळला. "पुढं शिसं वाढवून द्या, काकू. नावं राहू द्या."

"एकूण वजनालेही हद्द असते, नीलेश. तेही भरलं हाये."

"मंग शामक हाये न? बारा वर्षं काही झालं का? आपुन तो बंदच करायचा नाई. परीक्षा दुसऱ्या कोणत्या विमानावर देऊ."

"अन् शामक एखाद्या दिवशी दमला तं?"

नीलेश पन्नाशीचा माणूस, पण डोळ्यांत पाणी होतं.

"सरचं एवढंच राह्यलं हाये, काकू. पावणेदोनशे पोरं हायेत त्याच्यावर. माहं नाव हाये. रंग उतरवला तं राह्यलं काय?"

"माहंही एवढंच राह्यलं हाये, बापा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तुया सर होता, माहा नवरा होता. पण पुढचं पोरगं वर जाईन अन् खाली येणार नाई, तं त्याचं नाव लिहाले ही फळी कोणाले पायजे?"

मग नीलेशच पॉलिश पेपर घेऊन आला.

रंग उतरवायचं औषध लावलं असतं तर तासाभरात पत्रा उघडा पडला असता. पण जुना पातळ पत्रा औषधानं खराब व्हायची भीती, म्हणून हातानंच घासायचं ठरलं. पेपर ओला करायचा, घासायचा, पुसायचा. एक थर गेला की त्याच्या खालचा वर येई, आणि ओवी त्याचा फोटो काढी. अशा रीतीनं तिघं जण दोन दिवस मागं मागं चालत गेले.

आधी प्रणव गेला, ओवी गेली. आपलं वर्षभरापूर्वीचं नाव आपल्याच हातानं पुसताना ओवी हसली. त्याच्या दोन थर खाली सरांच्या शेवटच्या वर्षातली पोरं होती. त्यातल्या एकीनं नावापुढं कमळ काढलं होतं. ती आता दिल्लीहून मोठी विमानं उडवते. त्याखाली तो नवरदेव, अक्षरांत मेंदीचा तपकिरी ठसा अडकलेला. त्याखाली दोन जुळे भाऊ, ज्यांना ओळखायचं कसं म्हणून सरांनी एकाच्या टोपीला लाल फीत लावली होती आणि भावांनी ती रोज बदलून सरांना वेड लावलं होतं. ज्योत्स्नाबाई सांगत होत्या, नीलेश भर घालत होता. पेट्रोलच्या वासाचे दिवस, सकाळी धावपट्टीवरून काळवीट हाकलायचे दिवस, एका डब्यात चौघांनी जेवायचे दिवस. घासता घासता हसून हसून ज्योत्स्नाबाईंच्या कुशीत दुखायला लागलं. सर गेल्यापासून त्या इतक्या हसल्या नव्हत्या. हसणं थांबलं की हातात ओली पांढरी भुकटी उरे, आणि तीच ती पोरं होती.

सर्वांत खालच्या थरात नीलेश बोंडे निघाला. वाकडीतिकडी अक्षरं, 'नी'ची वेलांटी फळीच्या कडेबाहेर.

"पयला मीच," नीलेश म्हणाला, आणि बराच वेळ त्याच्यावर पेपर ठेवून बसला. मग त्यानं डोळे मिटून घासलं.

त्याखाली पत्रा यायला हवा होता. पण पत्र्याऐवजी पांढरा रंग आला, हातभर लांबीचा एक पट्टा. ज्योत्स्नाबाईंना तो आठवला. ढवळी नवी आणली त्या वर्षी एका सकाळी शेपटीवर हा ओला पट्टा त्यांना दिसला होता. डाग पडला होता, असं सर म्हणाले होते. त्यांनीही ते वहीत लिहिलं नव्हतं. डाग पुसणं म्हणजे काही रंगकाम नव्हे.

त्यांनी स्वतः तो पट्टा घासला. खाली निळी अक्षरं आली, सरांच्या हातची, शाळामास्तरांसारखी एकसारखी. ज्योत्स्ना गजानन खंडारे. आणि तारीख.

ती तारीख त्या विसरल्या नव्हत्या. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सरांनी त्यांना सहा महिने शिकवलं होतं आणि त्या दिवशी त्या एकट्यानं उडणार होत्या. धावपट्टीच्या टोकापर्यंत गेल्या, इंजिनाचा जोर वाढवला, आणि ते बंद करून खाली उतरल्या. मला होणार नाही, म्हणाल्या. सर म्हणाले, राहू दे माय, आणि चहा पाजला. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही. नाव सरांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, हे ज्योत्स्नाबाईंना आज कळत होतं. आणि बायकोला लाज वाटू नये म्हणून ते झाकलंही होतं. पुढं सगळ्या पोरांचं नाव शेपटीवर आलं ती रीत इथून निघाली होती.

त्या ओल्या भुकटीतल्या हातांनी पदर डोळ्याला लावून त्या रडल्या. लपवून नाही, सरळ रडल्या.

"हे राहू द्या, काकू," नीलेश म्हणाला. "एका नावाचं वजन ते किती?"

"एक-दोन ग्रॅम," त्या म्हणाल्या. "सूट साठची हाये."

मग त्यांनी पेपर ओला केला. "पण राह्यलं तं मी दरवर्षी 'रंगकाम नाही' असंच लिहीन," त्या म्हणाल्या आणि घासायला लागल्या. तीन वेळा हात फिरवला तेवढ्यात नाव गेलं.

शनिवारी तोललेला एलिव्हेटर चढवला, आणि रविवारी सकाळी तपासणीचं उड्डाण ठरलं. दुरुस्ती करणाऱ्यानं अशा उड्डाणात सोबत बसायचं, अशी या क्लबाची शिस्त होती. इतकी वर्षं ज्योत्स्नाबाई ते काम नीलेशवर ढकलत आल्या होत्या. त्या दिवशी त्या न सांगता उजव्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि पट्टा बांधला. डाव्या खुर्चीत ओवी होती. नीलेशनं बाहेरून दार लावलं.

उडताना त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली पूर्णा चकाकत होती आणि कापसाची शेतं रिकामी, काळी पडली होती. उत्तरेला सातपुडा धुरकट निळा. त्याच्या पलीकडं कुठंतरी धारणी.

ओवीनं पाच हजार फुटांवर शामक बंद केला. पडद्यावरचा हिरवा दिवा विझला.

"एकशेसत्तर," ती म्हणाली. मग, "एकशेऐंशी."

ज्योत्स्नाबाई तिच्या बोटांकडं बघत होत्या. बोटं सैल होती.

"एकशेपंच्याऐंशी. एकशेनव्वद." थोडा वेळ गेला. "दोनशे, मॅडम. काहीच नाई. साचल्या पाण्यावानी शांत हाये."

"मोटर कमी कर अन् नाक वर घे," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. त्यांच्या अंगातून घाम निथळत होता, आणि त्यांना फार बरं वाटत होतं. उद्या पोरगी परीक्षा देईल. तिचा हात कच्चा नव्हता.

"आता शामक लावूनही पाहा लागते. तपासणीत लिहेल हाये," ओवी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही धरता का, मॅडम? मी हाये इकडून."

ज्योत्स्नाबाईंनी स्टिक धरली. ओवीनं बटण दाबलं.

दांड्यात काहीतरी आलं. जोर नव्हता तो. त्यांच्याआधीच दुसऱ्या कोणीतरी दांडा धरलेला असावा, तसं. त्यांनी स्टिक थोडी पुढं ढकलली. दांडा आधी सैल सुटला, वाटलं आता जातोच आहे, आणि मग अगदी शेवटी हळूच अडला. त्या दचकल्या. हे त्यांना पाठ होतं. सहा महिने हा हात त्यांच्या हातासोबत या दांड्यावर होता. पोराला स्वतःहून करू द्यायचं आणि चुकायच्या जरा आधी धरायचं, ही सरांची लकब होती. खाटेवर झोपलेल्या माणसाचा थंड हात त्यांनी शेवटचा धरला होता, आणि आता नऊ वर्षांनी पाच हजार फुटांवर तोच हात जिवंत होता.

त्या किती वेळ तशा बसल्या, ओवीनं मोजलं नाही. ती समोर बघत राहिली.

"सर हायेत न?" तिनं शेवटी विचारलं.

"हायेत."

"मंग राहू द्या त्याइले. आता तं ढवळी बरी हाये."

ज्योत्स्नाबाईंना ते किती हवं होतं, ते त्यांनाच ठाऊक. रोज सकाळी येऊन हँगरमध्येच घटकाभर हा दांडा धरून बसता आलं असतं. पण बिजागरी पुन्हा कधीतरी झिजेल, तार कधीतरी ढिली होईल, आणि हा हात कोणाला काही सांगणार नाही. तो ते पोटात घालेल, हिरवा दिवा लागून राहील, आणि त्याच्याखाली कोणीतरी भाबडेपणानं सही करेल. माणसानं चूक पोटात घातली तर निदान खाली उतरल्यावर चहा पिताना तो बोलतो. या हाताला चहा पिता येत नव्हता.

"नाई," त्या म्हणाल्या. "खाली गेल्यावर हा हात पुसून टाकू. कोरा शामक ठेवू. विमानाचं काही दुखलं तं बोंबलणारा, लाल दिवा लावणारा."

"खरंच पुसता?"

"लय वर्सं धरून बसले वं ते, माह्या चुकीपायी. बारा वर्षं एक मिनिट हात सोडता आला नाई त्याइले. आता सोडू दे."

असं म्हणून त्यांनी उजव्या हातानं स्टिक धरून ठेवली आणि डाव्या हातानं बटण स्वतःच दाबलं.

दांडा एकदम हलका झाला. ढवळीचं नाक किंचित खाली गेलं. ओवीनं आपल्या स्टिककडं हात नेला, पण लावला नाही, आणि ज्योत्स्नाबाईंनी ते नाक स्वतःच वर घेतलं.